पाचवी सही

हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री होती, आणि त्या लाँड्रीत बावीस वर्षं इस्त्रीमावशी होती. हे नाव तिला कामावरून पडलं असं नव्या माणसाला वाटायचं. काम तेच होतं म्हणा. धुऊन-पिळून आलेल्या ओलसर चादरी गरम रोलरच्या तोंडाशी ताणून धरायच्या आणि आत सोडायच्या. पण नाव पडलं ते दुसऱ्याच कारणाने. त्या खोलीत जेवढी म्हणून भांडणं झाली, ती सगळी तिनेच मिटवली होती. चादरीवरची चुणी असो नाहीतर कुणाच्या कपाळावरची आठी, मावशीच्या हातून गेली की सपाट, असं वरच्या वॉर्डांतसुद्धा बोललं जायचं. तिची काही खास विद्या नव्हती. रागावलेल्या माणसाला ती उपदेश करायची नाही, की 'जाऊ दे' म्हणायची नाही. ती नुसती विचारायची, "नेमकं काय म्हणाला तो? शब्द सांग." माणूस आठवून आठवून शब्द सांगायचा, आणि सांगताना त्याचं त्यालाच कळायचं की शब्द वाटले तेवढे मोठे नव्हते.

तळघरात मावशी धरून पाच जणं होती. धुलाईची मोठी यंत्रं एक दांडगा, पोट सुटलेला गडी सांभाळायचा. त्याला सगळे ड्रमदादा म्हणायचे, आणि तोही ओ द्यायचा. रोलरच्या पलीकडे घड्या घालायला दोन जावा होत्या, थोरली आणि धाकटी. घरचं स्वयंपाकघर वेगळं झालं तेव्हापासून सहा वर्षं त्या एकमेकींशी सरळ बोलत नव्हत्या. थोरलीला काही सांगायचं असलं की धाकटी रोलरवरून ओरडून मावशीला सांगायची, आणि थोरली मात्र दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. कोपऱ्यात खिडकीखाली शिवणकाकू. फाटलेल्या चादरी, नाड्या तुटलेले झगे, बटणं गेलेले सदरे तिच्याकडे यायचे. काकू अबोल होती, पण घुमी नव्हती. विचारलं तर उत्तर द्यायची, आणि जेवढं विचारलं तेवढंच द्यायची. डबा खायला पाचही जणं घडीच्या टेबलाभोवती बसत. कधी कुरबुर व्हायची, कधी हसून हसून ठसका लागायचा. एकूण बरं चाललं होतं.

मग नवा मुकादम आला. तरणाताठा, पायात करकरणारे बूट, हातात सदा एक वही. पहिल्याच आठवड्यात त्याने मावशीला "आजी, हात चालवा जरा" असं म्हटलं. मावशीचं वय चौपन्न. तिने ते गिळलं, पण पचलं नाही.

ठिणगी पडली ती एका डागाळलेल्या चादरीवरून. ऑपरेशन झालेल्या एका पेशंटखाली घालायला सिस्टरने गठ्ठ्यातली चादर उघडली तर मधोमध तळहाताएवढा तपकिरी डाग. मुकादमाने ड्रमदादाला वर बोलावलं, वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये उभं केलं, आणि तो सिस्टर आणि दोन आयांच्या देखत चादर त्याच्यापुढे नाचवत म्हणाला, "डोळ्यांच्या जागी काय बटणं शिवलीत का?" आया फिस्सकन हसल्या. शिवणकाकू दुरुस्त केलेल्या झग्यांचा गठ्ठा द्यायला तिथेच आली होती. ती भिंतीला लागून उभी होती.

ड्रमदादा खाली आला तो यंत्राचं दार धाडकन आपटत. "माझ्या वयाच्या माणसाला! त्या पोरींसमोर!"

मावशीने नेहमीप्रमाणे विचारलं, "नेमकं काय म्हणाला? शब्द सांग."

त्याने शब्द सांगितला. धाकटीला हसू आलं, ते तिने घडीत लपवलं.

"अंगाला हात लावला का?"

"छ्या! तेवढी हिंमत नाही त्याची. लावला असता तर बघितलं असतं मी. लांबूनच भुंकत होता."

हे मावशीने आपल्या कानांनी ऐकलं. पुढे जे झालं ते लक्षात घेताना एवढी गोष्ट विसरून चालणार नाही, आणि मावशीही कधी विसरली नाही.

एरवी तो राग त्या दिवशी संध्याकाळपर्यंत विरला असता. पण दुसऱ्याच सकाळी तळघरातली स्टुलं गायब. मुकादमाने उचलून नेली होती. उभ्याने काम झपझप होतं, असं त्याचं म्हणणं. चार स्टुलं गेली, एक राहिलं. शिवणाच्या यंत्रावर उभं राहून काम होत नाही, म्हणून काकूचं स्टूल जागच्या जागी होतं.

मावशीचे गुडघे दुपारच्या डब्यापर्यंत भरून आले. ड्रमदादा पुन्हा कालची गोष्ट काढून बसला, म्हणजे उभाच राहिला, आणि मावशीने पहिल्यांदाच 'शब्द सांग' म्हटलं नाही. उलट ती म्हणाली, "मेल्याला माणसांची पर्वाच नाही."

एवढंच. पण मावशीच्या तोंडून हे आलं, म्हणजे जणू झाकण उडालं. थोरली म्हणाली, "मला परवा कसं बघितलं त्याने!" धाकटी म्हणाली, "मला तर रोजच बघतो." आणि दोघी हे एकमेकींना म्हणाल्या, सरळ, मधे मावशी न घालता. म्हणून झाल्यावर दोघीही चपापल्या. मग थोरलीने डब्याच्या झाकणात भाजी काढून ते धाकटीच्या पुढे सरकवलं. सहा वर्षांचा अबोला एका मुकादमापायी सुटला.

तेव्हापासून डब्याची वेळ म्हणजे मुकादमाची वेळ. उभ्या उभ्या घास घ्यायचे आणि त्याच्या नावाने बोटं मोडायची. कुणी त्याच्या बुटांची नक्कल करायचं, कुणी वहीची. मावशीला या वयात नव्याने कळलं की रागाला चव असते. चारजणं एकाच माणसावर चिडलेली असली की मधे कशी ऊब तयार होते, आणि त्या उबेत गुडघेसुद्धा कमी दुखतात. सकाळी जिना उतरताना तिला आता कामाची नाही, त्या बोलण्याची ओढ लागलेली असायची.

आणि बोलता बोलता गोष्ट वाढत गेली. बुधवारी मुकादम 'अंगावर धावून आला' होता. शुक्रवारी त्याने 'छातीला बोट लावलं' होतं. पुढच्या आठवड्यात थोरली म्हणाली, "ढकललंच म्हणा की!" ड्रमदादा आधी गप्प राहिला, दुसऱ्या दिवशी त्याने मान डोलावली, तिसऱ्या दिवशी तो स्वतःच सांगायला लागला की मी भिंतीवर आदळलो, हे बघा, इथे लागलंय. कोपरावर खरंच काहीतरी होतं. यंत्राच्या दाराचं असेल. कुणी ठरवून खोटं बोललं नाही. प्रत्येकाने फक्त एकेक चिमूट टाकली.

शेवटी अर्ज करायचं ठरलं. मावशीचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याचं अक्षर छापल्यासारखं. संध्याकाळी तो जेवणाआधी कागद घेऊन बसला आणि मावशी सांगायला लागली. आधी स्टुलं. मग 'भर पॅसेजमध्ये अपशब्द वापरून धक्काबुक्की केली'.

नवऱ्याने पेन थांबवलं. "धक्काबुक्की? तू पाहिलीस?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"मी काय विचारतोय, तू पाहिलीस का?"

"तुम्ही लिहा हो! पाट्या रंगवताना विचारता का दुकानदाराला, माल खरा आहे का म्हणून?"

तीस वर्षांच्या संसारात ती असं फाडकन बोलली नव्हती. नवऱ्याने पेन पुन्हा कागदाला टेकवलं आणि लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. ते बघून मावशीला वाटलं की आता ते खरंच झालं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर कागद फिरला. ड्रमदादाने सही केली, जावांनी केल्या, मावशीने केली. पाचव्या सहीसाठी कागद काकूपुढे गेला. काकूने यंत्र थांबवलं, हात पुसले, आणि अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तिला एवढा वेळ लागला की धाकटीने सुस्कारा सोडला.

"स्टुलांचं बरोबर आहे," काकू म्हणाली. "त्यावर दहा सह्या करते. पण हे धक्काबुक्कीचं काढा."

"का?" ड्रमदादा.

"झाली नाही म्हणून. मी तिथेच होते दादा. तो वाईट बोलला, ते लिहा. हात लावला नाही."

ड्रमदादाचा चेहरा लालबुंद झाला. खोटं पकडलं गेलं म्हणून तो लाल झाला असता तर गोष्ट सोपी होती. पण एव्हाना त्याला ते खोटं वाटतच नव्हतं. त्याला वाटलं, आपला हा दुसरा अपमान हिने केला.

"तुला बसायला स्टूल आहे ना," थोरली म्हणाली. "मग तुला काय पडलंय आमचं!"

काकूने मावशीकडे पाहिलं. "मावशी, तुम्हाला तर दादांनी त्याच दिवशी सांगितलं ना, हात लावला नाही म्हणून?"

आता सगळे मावशीकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. बावीस वर्षं जे काम ती सहज करत आली होती तेच, त्याहून जास्त काही नाही. पण त्या तिघांच्या डोळ्यांत जी जवळीक होती ती त्या वाक्याने गेली असती. मावशी त्यांच्यातून बाहेर पडली असती, एकटी, काकूच्या बाजूला.

"मला नाही आठवत," मावशी म्हणाली.

अर्ज चार सह्यांनी गेला.

चौकशी झाली. वरच्या मोठ्या साहेबांनी एकेकाला बोलावलं. मावशी म्हणाली, "मी तिथे नव्हते, पण सगळे तसंच सांगतात." सिस्टर म्हणाली, हात लावला नाही. आया म्हणाल्या, नाही. काकूला विचारलं, तीही नाही म्हणाली, आणि वर हेही म्हणाली की तो फार वाईट बोलला आणि स्टुलं नेली ते अन्यायाचं झालं. आठवड्याने निकाल खाली आला. स्टुलं परत. मुकादमाला तोंड सांभाळण्याची समज. आणि ड्रमदादाला खोटी तक्रार केल्याबद्दल लेखी ताकीद.

म्हणजे खरं तर जिंकलेच होते. चारही स्टुलं आली, मुकादम नरम पडला, मावशीला 'आजी' म्हणायचा बंद झाला. पण कुणाच्याच तोंडावर आनंद नव्हता. त्या स्टुलांवर ते असे बसले जसे कुणाच्या मयताला आलेत. मुकादम गेला असता तर समाधान झालं असतं. तो होता तिथेच होता, आणि आता त्याच्यावर काही बोलायची सोय राहिली नव्हती. साठलेला सगळा राग तसाच हातात उरला, आणि तो ठेवायला कोपऱ्यातल्या खिडकीखाली आयती जागा होती.

"घरभेदी," ड्रमदादा म्हणाला. तो शब्द ठरून गेला.

काकूशी कुणी बोलेना. सकाळी ती "येता का चहाला?" म्हणायची, त्याला उत्तर नाही. डबा खायला ती टेबलाशी आली की जावा उठून यंत्रांपाशी जायच्या. मग ती आपल्या जागेवरच खायला लागली, भिंतीकडे तोंड करून. फाटक्या कपड्यांचे गठ्ठे तिच्यापाशी असे रचले जायचे की बाहेर पडायला वाट उरू नये. दुरुस्त करून ठेवलेले झगे पुन्हा फाटक्यांच्या ढिगात सापडायचे, आणि ती ते पुन्हा तपासायची. एकदा यंत्राचा पट्टा ढिला केलेला होता. कुणी केला ते कुणी विचारलं नाही. एकदा ती मावशीजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही तरी बोला हो. मी काय खोटं सांगायला हवं होतं?"

"रोलर चालू आहे," मावशी म्हणाली. "ऐकू येत नाही."

घरीही मावशीचं असंच चाललं होतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी आवाज चढायचा. नवरा पूर्वी संध्याकाळी तिला दिवसभरातल्या गमती सांगायचा, ते त्याने सोडून दिलं. तो आता रंगाचे डबे घेऊन गॅलरीत बसायचा, ब्रश धूत. ब्रश स्वच्छ झाले तरी धूत राहायचा.

एका दुपारी मावशी रोलर बंद करून खोली झाडत होती. काकू वॉर्डात गेलेली. शिवणाच्या यंत्राखाली काहीतरी चमकलं. सुई होती. हाताने टाके घालायची, लांब, टोकदार. यंत्राच्या पायापाशी फरशीवर पडलेली.

पूर्वी असं झालं असतं तर तिने ती काकूच्या टाचणीच्या उशीत खोचून ठेवली असती, आणि वर म्हणाली असती, "सांभाळ गं बाई, कुणाच्या पायात जाईल." आता ती सुई चिमटीत धरून उभी राहिली. जिना चढताना आपण कुठे चाललोय हे तिला ठाऊक होतं आणि नव्हतंही.

मुकादम केबिनमध्ये होता. तोच, ज्याच्या नावाने दोन महिने बोटं मोडली होती. मावशीला बघून तो गडबडला. खुर्ची पुढे केली. "बसा ना."

मावशी बसली. टेबलावर सुई ठेवली. "शिवणवालीची आहे."

"कुठे सापडली?"

"चादरीत."

"कुठल्या वॉर्डाच्या?"

आता मागे फिरता आलं असतं. पण दोन महिने रोज चिमूट चिमूट टाकायची सवय झालेली जीभ होती ती. "मुलांच्या," मावशी म्हणाली. "रोलरला लावताना हाताला लागली. नाहीतर गेली असती पोरांखाली."

मुकादमाचा चेहरा उतरला. या बाईने असं काही करावं यावर त्याचा विश्वास बसत नसावा. पण मुलांचा वॉर्ड म्हटल्यावर त्याला गप्प बसणं शक्य नव्हतं. त्याने वही उघडली.

काकूला बोलावून विचारलं. ती म्हणाली, माझ्या सुया बारा असतात, संध्याकाळी मोजून डबीत ठेवते, आज दुपारी अकरा दिसल्या म्हणून मी वॉर्डात शोधायलाच गेले होते. आता हे तिचं खरं बोलणंच तिच्या गळ्याशी आलं. एक सुई हरवली होती हे तिने कबूल केल्यासारखं झालं. काकू कंत्राटावर होती. महिनाअखेर तिचं कंत्राट संपत होतं, ते पुढे वाढवलं नाही.

शेवटच्या दिवशी तिने यंत्र पुसलं, तेल घातलं, वर कापड झाकलं. डबी, कात्री, गजाची टेप पिशवीत टाकली. दारापाशी क्षणभर थांबली. ड्रमदादा यंत्रात डोकं घालून होता, जावा घड्या मोजत होत्या, आणि मावशी रोलरकडे बघत होती. चपला वाजल्या, जिन्यावर वर वर गेल्या, आणि थांबल्या.

पंधरा दिवस तळघरात सणसणीत उत्साह होता. "मावशीने बरोबर कात्री लावली," ड्रमदादा म्हणायचा, आणि मावशी हसायची. पण मग बोलायला काही उरेना. मुकादमाची बदली झाली. त्याच्या जागी आला तो इतका गरीब माणूस की त्याच्यावर राग धरायलाही जागा नव्हती. डब्याच्या वेळी सगळे स्टुलांवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत खायचे. एक दिवस थोरली धाकटीला म्हणाली की तुझ्या घड्या वाकड्या असतात. धाकटी म्हणाली, तुमची नजर वाकडी आहे. दुसऱ्या दिवसापासून निरोप पुन्हा रोलरवरून ओरडून यायला लागले. मावशीने समेट करून पाहिला. "नेमकं काय म्हणाली ती? शब्द सांग," असं ती थोरलीला म्हणाली, तर थोरली म्हणाली, "तुम्हाला शब्द कशाला? वर नेऊन सांगायला?"

मावशीला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

काकू तिला भेटली ती चार महिन्यांनी. पलीकडच्या रस्त्यावर एका कपड्यांच्या दुकानाच्या पायरीवर ती यंत्र टाकून बसली होती. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, असली कामं. मावशी लांबूनच थबकली, कारण काकू कुणावर तरी ओरडत होती. एक म्हातारा गिऱ्हाईक सदरा हातात घेऊन उभा होता आणि ती त्याला म्हणत होती, "दिसत नाही तर कशाला उलटून उलटून बघताय? घ्यायचं तर घ्या, नाहीतर ठेवा!" तो आवाज काकूचा वाटतच नव्हता. म्हातारा सदरा घेऊन निघून गेला. मावशी पुढे झाली.

"सुई खाली पडलेली होती," ती म्हणाली. कशी आहेस, बरी आहेस ना, हे सगळं विचारायचं तिने कधीचं मनाशी ठरवलं होतं, ते राहिलंच.

काकूने मान वर केली नाही. पँटची शिवण उसवत राहिली. "माहीत आहे मला. माझ्या हातून चादरीत सुई राहिली असती तर मला झोप लागली नसती. आणि मला शांत झोप लागत होती. आता लागत नाही, ते वेगळं."

"मी चुकले गं."

"मग हे तिकडे जाऊन सांगा. मला सांगून काय उपयोग? मला आधीच माहीत होतं."

काकूने पाय यंत्रावर ठेवला, आणि त्या घरघरीत आणखी काही बोलायची सोयच राहिली नाही.

मावशी वर जाऊन सांगणार होती. तीन वेळा जिन्यापर्यंत गेली. मुकादम नवा, मोठे साहेब निवृत्त झालेले. कुणाला सांगायचं आणि कशासाठी, असं तिने स्वतःला समजावलं, आणि ही आपली पळवाट आहे हेही तिला कळत होतं. शेवटी तिने निदान आपल्या माणसांत बोलायचं ठरवलं. डबे उघडले होते तेव्हा ती म्हणाली, "मुलांच्या वॉर्डाची चादर वगैरे काही नव्हतं. सुई फरशीवर होती. मी खोटं सांगितलं. आणि दादा, तुम्हाला कुणी ढकललं नव्हतं. तुम्हीच मला सांगितलं होतंत."

तिला वाटलं होतं, कुणीतरी मान खाली घालेल.

ड्रमदादाने डब्याचं झाकण लावलं. "आम्ही तुला जा म्हटलं होतं का वर? तूच गेलीस. आता आमच्या नावावर खपवू नकोस."

"मी म्हणतच होते," थोरली म्हणाली, "ही बाई आज तिचं सांगते, उद्या आपलं सांगेल."

"हो ना, ताई," धाकटी म्हणाली, आणि थोरलीच्या बाजूला सरकून बसली.

दोघी पुन्हा एक झाल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी ऊब परत आली होती, जी मावशीला चांगली ओळखीची होती. दुसऱ्या दिवसापासून तिच्याशी कुणी बोललं नाही. पुढे काय काय होणार हे तिला क्रमवार ठाऊक होतं, म्हणून धक्का असा कशाचाच बसला नाही. तिने दोन महिने काढले, आणि मग गुडघ्यांचं कारण लिहून बदली मागितली.

आता ती तिसऱ्या मजल्यावर कपड्यांच्या कोठीत असते. खोलीला एक खिडकी आहे. वॉर्डातून आया चिठ्ठी घेऊन येतात, ती मोजून चादरी, झगे देते. दिवसभर एकटीच. भांडण मिटवायला नाही, लावायला नाही, कुणी नाहीच.

परवा दुपारी बालरोगाच्या वॉर्डातली एक नवी आया आली. चिठ्ठीवर सही राहिली होती. एरवी अशी चिठ्ठी कुणीही चालवून घेतं.

"सही कुठेय?" मावशी खेकसली. "लिहिता-वाचता येतं की नुसतीच मिरवतेस?"

"मावशी, सिस्टर ड्रेसिंगला आहेत, पोराने अंथरूण ओलं केलंय, आत्ता लगेच..."

"मला सांगू नकोस. सही आण."

आयेच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने आवरलं, ओठ आवळले, चिठ्ठी चुरगळून मुठीत घेतली आणि फिरली. पाय आपटत गेली. पॅसेजच्या टोकाला वॉर्डाचं दार होतं, ते तिने ढकललं तसं भिंतीवर आदळलं. आणि आतून तिचा आवाज आला, चिरका, चढलेला. कुठल्यातरी पोराला ती म्हणत होती, "तुला सांगता येत नव्हतं का रे आधी?"

मावशी खिडकीतून अर्धी बाहेर वाकली. तिला हाक मारायची होती. चादर तिच्या हातातच होती, घडी घातलेली.

"पुढचं कोण?" ती म्हणाली. पुढे कुणी नव्हतं.